मालवणच्या पोवळ्यांचा निर्णय नागपुरात होतो

प्रति,
महाराष्ट्र विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
हिवाळी अधिवेशन, विधानभवन, नागपूर.

विषय : मालवण सागरी अभयारण्य आणि आंग्रिया बँक (विजयदुर्गसमोरचे समुद्राखालचे पठार) येथील प्रवाळांच्या संरक्षणाबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता तेव्हा विधानभवनाच्या दिशेने निघणारे मोर्चे बहुधा विदर्भाच्या प्रश्नांचे असतात, आणि ते तसे असायलाच हवेत; १९५३ च्या नागपूर कराराने हे अधिवेशन या शहराला मिळाले ते इथल्या माणसांचे म्हणणे राज्याच्या कारभाऱ्यांच्या कानावर पडावे म्हणूनच. मी मात्र इथून सुमारे हजार किलोमीटरवर, मालवणच्या समुद्रात पाण्याखाली असलेल्या पोवळ्यांचा प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहे. तो चुकीच्या शहरातून विचारला जात आहे असे आपणांस वाटू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यांविषयीचे अधिकार ज्या पदाकडे सोपवले आहेत, त्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपुरात, सिव्हिल लाइन्समधील वनभवनात आहे, आणि आपण ज्या सभागृहात बसता तेही सिव्हिल लाइन्समध्येच आहे. पोवळ्यांजवळ बोट कुठे थांबावी, किती माणसांनी पाण्यात उतरावे, कुणाला परवाना मिळावा, हे ज्या कागदांवर ठरायला हवे ते कागद आमच्या शहरात उघडतात आणि आमच्याच शहरात मिटतात. म्हणून हे पत्र नागपुरातून लिहीत आहे.

माझे माहेर मालवणजवळच्या एका वाडीतले आणि सासर नागपूरचे. वडील रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासेमारी करणारे, होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाठीमागच्या बुडालेल्या खडकांना ते माशांचे घर म्हणत आणि होडीचा नांगर त्या बाजूला टाकू देत नसत. नांगर अडकून दोर तुटेल हे एक कारण होते, आणि तांबोशी, गोबरा, शेवंड त्याच कपारींत लहानाची मोठी होतात हे दुसरे. लग्नानंतर मी इथे आले, एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, आणि माझे पती औष्णिक वीज केंद्रातील नोकरीतून निवृत्त झाले. माझे एक घर समुद्रावर जगले आणि दुसरे कोळशावर. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध आहे हे समजायला मला फार उशीर लागला, आणि तो संबंध समजल्यावर गप्प बसणे मला जमलेले नाही.

पोवळे म्हटले की आमच्या शहरात बहुतेकांना इतवारीच्या सराफ्यात मंगळासाठी अंगठीत बसवून मिळणारा लाल खडा आठवतो. तो मुख्यतः भूमध्य समुद्रातून येणाऱ्या वेगळ्या जातीचा असतो. पण त्या खड्यामुळे पोवळे ही निर्जीव वस्तू आहे ही समजूत मात्र घट्ट बसली आहे. पोवळे, म्हणजेच प्रवाळ, हा प्राणी आहे. मऊ शरीराचे असंख्य इवलेसे जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःखाली कठीण घर बांधत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग त्यातूनच मिळतो, आणि प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्या शैवालाचाच असतो. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा जेमतेम एक अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. याला विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो, नाही निवले तर उपासमारीने मरतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आम्हा नागपूरकरांना एका अंशाचे मोठेसे काही वाटणार नाही, म्हणून वर्गात मी मुलांना तापाचे उदाहरण देत असे. बाहेरच्या उन्हात दोन अंश वाढले तर आपण सावली शोधतो. अंगातला ताप दोन अंशांनी वाढून महिनाभर उतरलाच नाही, तर माणूस अंथरुणावरून उठत नाही.

समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर प्रवाळ भित्ती आहेत, आणि समुद्रातील साधारण पाव जाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांच्या आधाराने जगतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ अशी तीन जागतिक विरंजने होऊन गेल्यावर एप्रिल २०२४ मध्ये चौथे जाहीर झाले, आणि २०२३ पासूनच्या या चौथ्या लाटेत जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला विरंजन घडवणाऱ्या उष्णतेचा ताप सोसावा लागला. हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीने २०१८ च्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे की पृथ्वीचे तापमान १.५ अंशांनी वाढले तर ७० ते ९० टक्के प्रवाळ भित्ती नाहीशा होतील, आणि २ अंशांनी वाढले तर ९९ टक्क्यांहून अधिक. आपल्या पश्चिमेच्या लक्षद्वीपात १९९८, २०१० आणि २०१६ च्या पाठोपाठच्या विरंजनांनी जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आणले आहे. ही बेटे प्रवाळांनीच बांधलेली आहेत. त्यांच्या पायाखालची जमीन हाच मुळी या जीवांचा सांगाडा आहे.

मालवणला लक्षद्वीपासारखी कंकणाकृती बेटे नाहीत की ऑस्ट्रेलियासारखी २,३०० किलोमीटर लांबीची रांग नाही. इथले प्रवाळ किल्ल्याच्या आणि आसपासच्या बेटांच्या खडकांवर ठिकठिकाणी, तुकड्यातुकड्यांनी वाढलेले आहेत. पावसाळ्यात खाड्यांचे गोडे आणि गढूळ पाणी अंगावर घेऊन, चार महिने अंधारात काढून ते पुन्हा उभे राहतात. अशा चिवट प्रवाळांचे मोल अधिक मानायला हवे, कारण पुढचा तापलेला समुद्र सोसण्याची ताकद कुणात असेल तर ती यांच्यात असण्याची शक्यता आहे. याच मालवणात २०१४ नंतर विरंजन झाल्याचे समुद्रविज्ञानाच्या संशोधकांनी नोंदवले आहे. चिवटपणालाही सीमा असते.

आता माझ्या तक्रारी.

२००१ साली खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. वाघही त्याच अनुसूचीत आहे. आमचे शहर पेंच, ताडोबा आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडलाच्या मध्यावर बसलेले आहे, त्यामुळे या अनुसूचीचा अर्थ इथल्या शाळकरी मुलालाही कळतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी पर्यटकांच्या जिप्सींनी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ या वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, तेव्हा चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. ते योग्यच झाले. नेमक्या त्याच आठवड्यात, नाताळ ते नववर्ष, मालवणच्या पाण्यात दरवर्षी काय घडते हे मी आपणांस सांगते, कारण काही वर्षांपूर्वी त्याच दिवसांत मी नातवंडांना घेऊन तिथे गेले होते.

किल्ल्याजवळ बोटी इतक्या दाटीने उभ्या होत्या की एकीवरून दुसरीवर पाऊल टाकता आले असते. आमच्या बोटीचा लोखंडी नांगर थेट खडकावर टाकला गेला आणि लाटेबरोबर तो पुढेमागे घासत राहिला. पोहता न येणाऱ्या पर्यटकांना दम घेण्यासाठी खाली उभे राहायला सांगितले जात होते, आणि ते ज्यावर उभे राहत होते ते प्रवाळ होते. मासे छायाचित्रात यावेत म्हणून पाण्यात पाव फेकला जात होता. माझ्या नातीने गोल, घमेल्याएवढ्या एका प्रवाळाकडे बोट दाखवून त्याचे वय विचारले. या जातीचे घुमटासारखे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तो तिच्या आजीच्या बालपणी, माझ्या वडिलांच्या होडीच्या काळात रुजलेला असणार. मी हिशेब करून सांगेपर्यंत एक गृहस्थ त्यावर उभे राहून हात हलवू लागले होते. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी काही सांगितलेच नव्हते. बोट चालवणाऱ्या मुलालाही देत नाही. तो आमच्याच गावचा, बोटीचे हप्ते फेडणारा, आणि पावसाळ्यात २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद राहणाऱ्या धंद्यातून वर्षाची कमाई काढणारा. माझा स्वतःचा भाऊ आज मासेमारीपेक्षा पर्यटकांवर अधिक कमावतो. परतल्यावर मी ज्या कार्यालयात ही तक्रार घेऊन गेले तिथे मला सांगण्यात आले की, बाई, ते दगड आहेत. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला सरकारी खुर्चीवरून दगड म्हटले गेले, हे मी विसरू शकत नाही. जंगलात वाघिणीपासून किती अंतर राखावे याचे नियम आहेत, गाड्यांची संख्या ठरलेली आहे, फाटकावर नोंद होते. मालवणच्या पाण्यात त्या दिवशी मला यांपैकी काहीही दिसले नाही: जागा दाखवणारे तरंगते बोये नाहीत, नांगर टाळून बोट बांधण्याची सोय नाही, मोजणारा माणूस नाही.

दुसरी तक्रार माझ्या माहेरच्या माणसांची आहे आणि ती आपणांस उलट्या बाजूची वाटेल. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे, तेव्हापासून आमच्या वाडीत अभयारण्य हा शब्द भीतीनेच उच्चारला जातो. रापण बंद होईल, होड्या जप्त होतील, अशी धास्ती मी लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ऐकली आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या २६-अ कलमात लिहिले आहे की प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचे पुरेसे रक्षण केले पाहिजे. या तरतुदीचा अर्थ मालवणच्या मच्छीमारांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या अंगणात बसून कुणी समजावला? ज्यांनी पिढ्यानपिढ्या त्या खडकांवर नांगर टाकला नाही त्यांना संशयित ठरवले गेले. दुसरीकडे, प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने मासे ओढून घेण्यावर केंद्राने २०१७ साली बंदी घातली असताना माझा भाऊ रात्री किनाऱ्यावर उभा राहून क्षितिजावर त्या दिव्यांची रांग मोजतो. याचा प्रवाळांशी थेट संबंध आहे. खडकांवरचे शेवाळ चरून खाणारे मासे कमी झाले की शेवाळ माजते, आणि विरंजनातून सावरू पाहणाऱ्या प्रवाळाच्या पिल्लांना बूड टेकायला जागा उरत नाही. पारंपरिक मच्छीमार हा प्रवाळाचा शत्रू नाही. त्याला बाजूला सारून केलेले कोणतेही संरक्षण कागदावरच राहील, आणि आजवर ते तसेच राहिले आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी तक्रार आंग्रिया बँकेविषयी. विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, समुद्राखाली एक विस्तीर्ण पठार आहे, ज्याचा सर्वांत उथळ माथाही पाण्याखाली वीसेक मीटर आहे. त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. किनाऱ्याचा गाळ तिथवर पोहोचत नसल्याने पाणी स्वच्छ आहे आणि त्या स्वच्छ पाण्यात महाराष्ट्राच्या समोरचे सर्वांत समृद्ध प्रवाळ वाढले आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची मोहीम तिथे जाऊन आली. ही जागा १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक हद्दीबाहेर असल्यामुळे राज्याला एकट्याने तिथे अभयारण्य करता येत नाही. म्हणून १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली तिला निर्दिष्ट क्षेत्राचा दर्जा मिळावा असा प्रस्ताव राज्य वन्यजीव मंडळाने २०२० साली मान्य केला. तेव्हा मी वर्तमानपत्रातले ते कात्रण कापून ठेवले होते. त्यानंतर या सभागृहात आंग्रिया हा शब्द किती वेळा उच्चारला गेला, हे आपण स्वतःलाच विचारावे.

चौथी तक्रार थोडक्यात सांगते. मूळ प्रवाळ जपण्यापेक्षा त्यांच्या जागी दुसरे काहीतरी करून दाखवण्याकडे आपला कल वाढतो आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० साली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरील १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या गेल्या. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या समुद्रातील निवती रॉकजवळ ‘गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ खडक करण्याची योजना जाहीर झाली. पर्यटकांची गर्दी जिवंत खडकांवरून लोखंडाच्या सांगाड्याकडे वळणार असेल तर त्या योजनेला माझा विरोध नाही, उलट तिचा उपयोगच होईल. पण ती गर्दी वळण्याऐवजी दुप्पट झाली तर काय, याचे उत्तर योजनेबरोबरच यायला हवे होते. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाची आखणी गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत केली आहे; विदर्भातून समुद्रावर जाणारी माणसे त्यामुळे आणखी वाढतील. रस्ता किती पदरी असावा याचा विचार होतो, तसा त्या रस्त्याच्या शेवटी असलेले पाणी किती माणसे सोसेल याचाही व्हावा.

सर्वांत जड तक्रार मी शेवटी ठेवली, कारण ती माझ्या सासरच्या घराची आहे. धुरातील वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्र पोटात घेतो, आणि आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा त्याच्या पाण्यात विरघळतो. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत समुद्राच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. अशा पाण्यात प्रवाळाला घर बांधायला अधिक कष्ट पडतात आणि बांधलेले घर ठिसूळ होते. म्हणजे एकाच धुराने प्रवाळाला ताप चढतो आणि त्याची हाडेही झिजतात. तो धूर कुठून निघतो हे शोधायला मला दूर जावे लागत नाही. गच्चीवर उभे राहिले की उत्तरेला चिमण्या दिसतात. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रे आमच्या उंबरठ्यावर आहेत, चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे केंद्र दीडशे किलोमीटरवर आहे. राज्याची वीज मोठ्या प्रमाणावर विदर्भाच्या कोळशातून येते. तिची राख आणि धूळ इथली माणसे श्वासात घेतात, आणि तिची उष्णता शेवटी समुद्रात मुरते. असे असताना कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, आणि मे २०२३ मध्ये त्याची जनसुनावणी भर उन्हाळ्यात झाली.

कोराडीची एक चिमणी थांबली की मालवणचे पोवळे वाचेल, असा दावा मी करत नाही. ज्या विजेवर माझ्या घरचा कूलर चालला, ज्या पगारावर माझी मुले शिकली, तिच्याविषयी मी कृतघ्नही नाही. पण औष्णिक केंद्रात काम करणाऱ्या माणसांनी राज्याला उजेड दिला म्हणून पुढची चाळीस वर्षे चालणारे नवे संच त्याच कोळशावर उभारावेत, हा त्या कष्टांचा सन्मान नव्हे. विदर्भात उन्हाची कमतरता नाही. ज्या उन्हाने आमची माणसे उष्माघाताने दगावतात, त्याच उन्हावर इथल्या शाळांची, दवाखान्यांची आणि घरांची छपरे वीज तयार करू शकतात, आणि त्यातून कोळशावरच्या कामगारांच्या मुलांना इथेच काम मिळू शकते. हा मार्ग आपल्यासमोर असताना जुनाच मार्ग रुंद करण्याचा निर्णय मला मान्य नाही.

तापमान जगाचे आहे, मग मालवणात बोये लावून काय उपयोग, असे मला एका शिकलेल्या गृहस्थांनी विचारले होते. उपयोग आहे. आधीच नांगराने फुटलेला, गाळाने गुदमरलेला, मैल्याच्या पाण्यात वाढलेला प्रवाळ तापाच्या पहिल्या झटक्यात मरतो. ज्याला या त्रासांपासून मोकळीक मिळाली आहे तो कित्येकदा सावरतो. थायलंडने पर्यटकांच्या गर्दीने उद्ध्वस्त झालेली माया खाडी २०१८ साली पूर्ण बंद केली, तिथे प्रवाळांची पुन्हा लागवड केली आणि २०२२ साली ती उघडताना बोटींना आत येऊ दिले नाही, माणसांची संख्या ठरवून दिली. पर्यटनावर जगणाऱ्या देशाने हे केले. हवामानाचे मोठे काम होईपर्यंत स्थानिक संरक्षणामुळे वेळ मिळतो, आणि हा वेळ मिळवून देणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

मालवण अभयारण्यातील प्रवाळांचा तपशीलवार नकाशा पुढचा पर्यटन हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे १ सप्टेंबरच्या आत जाहीर करावा. प्रवाळांवर नांगर टाकण्यास पूर्ण मनाई करून बोटी बांधण्यासाठी कायमचे बोये लावावेत, आणि त्यांचा खर्च बोटवाल्यांच्या माथी न मारता शासनाने करावा. पाण्यात उतरणाऱ्यांची दैनिक मर्यादा ठरवावी. ताडोबात जसा प्रशिक्षित मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही, तसाच नियम इथे असावा, आणि हे मार्गदर्शक मालवण तालुक्यातल्याच मुलामुलींतून तयार करावेत. अभयारण्यासाठी स्वतः पाण्याखाली उतरू शकणारे कर्मचारी नेमावेत. किनाऱ्यावर उभे राहून प्रवाळांची गस्त घालता येत नाही.

हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उपग्रहांच्या आधारे समुद्राच्या तापमानावर लक्ष ठेवते आणि विरंजनाचे इशारे देते. मालवण आणि आंग्रियासाठी असा इशारा मिळताच त्या भागातील पर्यटन आपोआप थांबेल असा नियम करावा, आणि त्या दिवसांची भरपाई बोटवाल्यांना मिळावी. विरंजन बहुधा एप्रिल-मे महिन्यांत होते, शाळांच्या सुट्ट्याही तेव्हाच असतात. भरपाईशिवाय हा नियम पाळला जाणार नाही.

अभयारण्याच्या व्यवस्थापनात मच्छीमार वाड्यांच्या प्रतिनिधींना बहुमत असलेली समिती असावी, स्त्रियांसह. रापण आणि लहान होड्यांची मासेमारी कुठे, कशी चालू राहील हे मराठीत, लेखी, गावसभेत वाचून दाखवून द्यावे. बेकायदा एलईडी मासेमारीवर झालेल्या कारवाईची आकडेवारी दर अधिवेशनात सभागृहापुढे यावी.

आंग्रिया बँकेच्या प्रस्तावाची आजची स्थिती याच अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावी, आणि तिला संरक्षित दर्जा द्यावा अशी शिफारस करणारा ठराव दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत करून केंद्राकडे पाठवावा. यात पक्षभेदाला जागा नाही.

कृत्रिम खडक आणि पाण्याखालच्या संग्रहालयासारख्या योजनांवर जेवढा पैसा खर्च होईल, किमान तेवढाच जिवंत प्रवाळांच्या संरक्षणासाठी वेगळा काढावा.

आणि कोराडीतील नव्या कोळसा संचांचा प्रस्ताव मागे घ्यावा. त्याऐवजी विदर्भासाठी छतावरील सौर ऊर्जेचा कालबद्ध कार्यक्रम, औष्णिक केंद्रांतील कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासह, या अधिवेशनात जाहीर करावा. एवढे सोडून मालवणात कितीही बोये लावले तरी पाणी तापतच राहील.

या पत्राची एक प्रत मी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी विधानभवनाच्या प्रवेशद्वारावर आणि दुसरी वनभवनाच्या आवक खिडकीवर स्वतः देणार आहे, आणि दोन्हींची पोच घेणार आहे. गेल्या मे महिन्यात माझ्या भावाच्या जाळ्यात नांगराने फुटलेल्या प्रवाळाचा तळहाताएवढा तुकडा आला. तो पुरावा म्हणून सोबत जोडावा असे मनात होते. पण पहिल्या अनुसूचीतील प्राण्याचा अवशेष विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे, म्हणून भावाने तो होता तिथेच पाण्यात सोडला. त्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. मोजपट्टी शेजारी ठेवलेली आहे, वाढीची वर्षे आपणांस मोजता येतील. वरील मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, ते कारणांसह अधिवेशन संपण्यापूर्वी सभागृहात सांगावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
नागपूर.

सोबत : छायाचित्र, एक.